मरताना कोणी असं बोलत नाही

दादा गेला त्या काळात मी एका सरकारी खात्यात टायपिस्ट होते, आणि शोकसंदेश टाइप करणं हे माझ्या कामांपैकी एक काम होतं. छत्तीसगढचं नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झाल्याचा शहराला इतका आनंद झाला होता की पानठेल्यापासून शिंप्याच्या दुकानापर्यंत ज्याच्या त्याच्या पाटीवर 'राजधानी' हा शब्द चढला होता. आमचं खातं नवं होतं, खुर्च्या नव्या होत्या, फाइली मात्र भोपाळहून आलेल्या. शोकसंदेशाचा मजकूरही त्या फाइलींतच तयार होता. हिंदीत सहा ओळी. 'दुःख की इस घड़ी में' अशी सुरुवात, आणि आत्म्याला शांती मिळो असा शेवट. मी फक्त नाव, गाव आणि तारीख बदलायची. कधी घाईत आधीच्याच माणसाचं नाव राहून जायचं. साहेब त्याच्याभोवती लाल गोल करून कागद परत पाठवायचे आणि मी दुरुस्ती करायचे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. रायपूरबाहेर सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होता. भट्टीतून निघणारी धूळ जिथं साचते त्या कोठीचं तोंड त्या दिवशी तुंबलं होतं. भट्टी बंद करायची, थंड होऊ द्यायची आणि मग ते मोकळं करायचं, अशी रीत आहे. पण बंद केली की माल कमी निघतो. वरून निरोप आला की चालू भट्टीतच मोकळं करा. दादानं हाताखालच्या माणसांना मागं थांबवलं आणि सळई घेऊन स्वतः पुढं झाला. आतली तापलेली राख एकदम बाहेर आली. हे सगळं आम्हाला बीरगांवच्या एका कामगारानं सांगितलं. तो तिथंच, चार पावलं मागं उभा होता. सांगताना तो सारखा स्वतःच्या हातांकडे पाहत होता.

दवाखान्यात दादा दोन दिवस होता. आम्हाला काचेपलीकडून पाहू देत. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी एकाच माणसाला आत बोलावलं. बाबा गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले आणि आईच्या समोर उभे राहून म्हणाले, "तुझं नाव घेतलं त्यानं. आईकडं पाहा म्हणाला."

आईनं ते वाक्य पदराच्या गाठीत बांधावं तसं बांधून घेतलं. येणाऱ्या प्रत्येकाला ती ते सांगायची.

आठव्या दिवशी कारखान्याचं पत्र आलं. बाबांनी फोडलं, वाचलं आणि माझ्याकडे दिलं. त्याच सहा ओळी. 'दुःख की इस घड़ी में'पासून आत्म्याच्या शांतीपर्यंत एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. कोणी कोणाच्या फाइलीतून उतरवल्या होत्या कोण जाणे. दादाच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. मी तो कागद हातात धरून बसले आणि मला स्वतःचीच शिसारी आली. आजवर मी किती घरांत हा कागद पाठवला होता.

मी कामावर परत गेले त्याच आठवड्यात आणखी एक संदेश टाइप करायला आला. उरला या औद्योगिक वस्तीतल्या एका कारखान्यातला माणूस. मी साहेबांच्या टेबलाजवळ गेले आणि विचारलं, "सर, हे काय काम करत होते? घरी कोण कोण आहेत?"

"क्यों मैडम? नाम-पता लिखा तो है."

मी त्यांचं ऐकलं नाही. ज्यानं कागद आणला त्याला विचारून मी चार ओळी स्वतः लिहिल्या. हा माणूस एकोणीस वर्षं क्रेन चालवत होता, त्याच्या मागं बायको आणि तीन मुली आहेत, तो कसा गेला हे त्यांना कळायला हवं. साहेबांनी चारही ओळींवर आडवी रेघ मारली. रागावले नाहीत, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "मैडम, यह दफ़्तर है. यहाँ साहित्य मत लिखिए."

दुसऱ्या दिवसापासून मला टपाल चढवायच्या रजिस्टरवर बसवलं.

घरी वेगळाच प्रकार चालू होता. आम्ही मूळचे नागपूरकडचे. आजोबा रेल्वेत गँगमन म्हणून इकडे आले, बाबा पार्सल ऑफिसातून रिटायर झाले. रेल्वे कॉलनीच्या मागच्या बाजूला आमचं घर. विहारातले लोक रोज वंदनेला यायचे, शेजारचे यायचे, बाबांच्या नोकरीतले यायचे, आणि प्रत्येकजण काहीतरी बोलायचा. भंतेजींनी सांगितलं की जे जे निर्माण होतं ते नाश पावतं. ते शांत, भले होते आणि त्यांच्या तोंडून ते खोटं वाटत नव्हतं. तरी मला विचारावंसं वाटत होतं की मग ती भट्टी बरी नाश पावत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, चांगल्या माणसांनाच लवकर बोलावणं येतं. बाबांचे एक मित्र म्हणाले, काळ हेच औषध. कोणी एक पुस्तिका आणून दिली. तिच्यावर उगवत्या सूर्याचं चित्र होतं आणि आत दुःख स्वीकारायच्या पायऱ्या होत्या. मी ती चुलीत घातली असती, पण घरी गॅस होता. कपाटाखाली सरकवून दिली.

सगळ्यांत जास्त राग मला आई-बाबांचा येत होता. ते दोघं रडत नव्हते. आई रोजच्यासारखी पोळ्या करायची. बाबा रोजच्यासारखे संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायचे.

बाबांचं वाचन मोठं होतं. आमच्याकडे देवघर नव्हतं, त्या जागी पुस्तकांची मांडणी होती. ती सगळी वाचून झाली तेव्हा ते जुन्या शहरात, ब्राह्मणपाऱ्याच्या अलीकडच्या एका गल्लीतल्या मराठी वाचनालयाचे सदस्य झाले. रायपुरात मराठी पुस्तकं मिळायची ती तिथंच. आमच्या समाजातून तिथं जाणारे बाबा पहिलेच. चिटणिसांनी पहिल्या दिवशी त्यांना दोनदा विचारलं होतं, "कादंबऱ्याच हव्यात ना?" बाबांनी ते हसण्यावारी नेलं होतं. वीस वर्षं ते दर शनिवारी सायकलवर जाऊन पुस्तक बदलून आणायचे. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे. पान दुमडलेलं त्यांना खपायचं नाही. लहानपणी मी एका पुस्तकात वेणीची रिबन खूण म्हणून ठेवली तर त्यांनी मला ती काढून कागदाची पट्टी कापून दिली होती.

म्हणून दादा गेल्यावर चारेक महिन्यांनी वाचनालयातून चिठ्ठी आली तेव्हा मला वाटलं, नावात काहीतरी घोळ झाला असणार. चिठ्ठीत होतं, आपण नेलेल्या पुस्तकांत आक्षेपार्ह मजकूर लिहून ती खराब केल्याचं आढळलं आहे, समक्ष भेटावं. चिठ्ठी बाबांच्या नावे होती. त्यांनी ती वाचून उशीखाली ठेवली.

"तुम्ही लिहिलं का बाबा?"

"हो."

"काय लिहिलं?"

"जे लिहाचं होतं ते लिहिलं. मी नाही जात तिथं."

मग मी गेले. शनिवारची दुपार होती. चिटणीस टेबलामागं बसले होते आणि त्यांच्या शेजारी अकरा पुस्तकं रचून ठेवली होती. त्यांनी हातानंच दाखवलं, पाहा. मी बाकावर बसून एकेक उघडलं.

बाबांचं अक्षर बारीक आणि सुबक. पार्सलच्या पावत्यांवर आयुष्यभर लिहिलेलं. पेन्सिलीनं, कडेच्या मोकळ्या जागेत. पुस्तकभर काही नव्हतं, फक्त जिथं कोणी मरत होतं त्या पानांवर होतं. एका कादंबरीत म्हातारा बाप तुळशीजवळ बसून सगळ्यांना उपदेश करतो आणि मान टाकतो. तिथं बाबांनी लिहिलं होतं, 'मरताना कोणी असं बोलत नाही.' दुसऱ्या एकीत नायिका खिडकीतून चंद्र पाहत जाते. तिथं, 'हिला वास येत नव्हता का? दवाखान्यात वास असतो.' एका ठिकाणी लेखकानं लिहिलं होतं की त्याच्या चेहऱ्यावर विलक्षण शांती पसरली होती. बाबांनी त्या ओळीखाली इतक्या जोरात रेघ ओढली होती की कागद फाटला होता, आणि शेजारी लिहिलं होतं, 'चेहरा कुठं होता?'

मी पुढचं पान उलटू शकले नाही. मला लेखकांचा राग आला. सगळ्यांचा एकदम. पलंग, चंद्र, समई आणि सगळं घर जमलेलं. कोणाच्याही घरी काच नव्हती, मास्क नव्हता, 'एकच माणूस आत या' नव्हतं.

मग एका जुन्या कादंबरीत वेगळी नोंद सापडली. तिच्यात एक बाई नवरा गेल्यावर कित्येक दिवस सवयीनं त्याच्या वाटचंही पीठ मळत राहते आणि रोज चार पोळ्या उरतात. एवढंच. कोणी रडत नाही, लेखक काही समजावत नाही. बाबांनी लिहिलं होतं, 'बरोबर. आपल्याकडंही. मी रोज मोजतो आणि तिला बोलत नाही.' मला आईच्या पोळ्या उरतात हे माहीतच नव्हतं. सकाळी डब्यात मी त्याच शिळ्या पोळ्या नेत होते.

आणि शेवटून दुसऱ्या पुस्तकात ते होतं. लढाईत जखमी झालेला मुलगा बापाचा हात धरून म्हणतो, आईला सांभाळा. त्या पानावर खालपर्यंत लिहिलेलं होतं. 'हेच मी तिला सांगितलं. तो असं बोलला नाही. तो म्हणाला, गाडी गेटवर राहिली, लॉक नाही केली. दोनदा म्हणाला. मी हो म्हणालो. मग काही बोलला नाही. मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी पुस्तकातलं सांगितलं.'

चिटणिसांनी विचारलं, "झालं का पाहून?"

मी मान हलवली.

"सगळं खोडरबरानं साफ करून द्यावं लागेल. नाहीतर सदस्यत्व रद्द. पुस्तक ही सार्वजनिक वस्तू आहे, ताई. ती कशी वापरायची याची एक सवय लागते. तुमच्याकडे ती नसते, हे मी समजू शकतो."

"आमच्याकडे म्हणजे कोणाकडे?"

ते चष्मा काढून पुसायला लागले.

"वीस वर्षांत बाबांनी एक पान दुमडलं असेल तर दाखवा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, बाकावरची दोन माणसं वर पाहत होती. "त्यांचा मुलगा जळून मेला. तुम्ही यातलं एक तरी पान वाचलं का?"

"वाचलं," ते म्हणाले. "म्हणूनच चिठ्ठी पाठवली. उद्या दुसरा कोणी वाचेल. त्याला काय वाटेल?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता देता येईल. त्याला वाटेल की आपण एकटे नाही. पण तेव्हा मी फक्त खोडरबर मागितला. टेबलावरच होता. मी बाकावर बसून पहिल्या पुस्तकातली पहिली ओळ खोडली, मग दुसरी. मग त्या जुन्या कादंबरीतला 'आपल्याकडंही' हा शब्द आला आणि माझा हात थांबला. मी खोडरबर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सदस्यत्व रद्द करा."

त्यांनी ते केलं. महिन्याभरानं तिथं पुस्तकं देणाऱ्या बाईंनी मला रस्त्यात गाठून सांगितलं की ती अकरा पुस्तकं रद्दीच्या ढिगात टाकली आहेत, हवी असतील तर घेऊन जा. मी पिशवी घेऊन गेले आणि ती घरी आणली. बाबांच्या मांडणीत ठेवली. बाबांनी पाहिली, हात लावला नाही.

बाबांनी आईशी खोटं बोलावं याचा मला संताप होता, आणि ते खोटं उघडं करायचा धीर मलाही नव्हता. तेवढ्यात आईचं वेगळंच निघालं.

माझ्या ऑफिसात माझ्याच वयाची एक मुलगी होती, तीही मराठीच, पण बोलायची हिंदीत. एक दिवस डबा खाताना म्हणाली, "तेरी मम्मी को पिक्चर का बहुत शौक है क्या? हमारे घर के सामने वाली टॉकीज में हर बुधवार दिखती हैं. बारह से तीन वाले शो में."

बुधवारी आई विहारात बायांच्या बैठकीला जायची. निदान आम्हाला तसं सांगून जायची. पोरगा जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि ही पिक्चर पाहते. लोक पाहतात, ऑफिसात बोलतात. पुढच्या बुधवारी मी अर्धी सुट्टी टाकली आणि टॉकीजवर गेले.

नवं राज्य झाल्यापासून छत्तीसगढी सिनेमे धडाक्यात निघत होते आणि आठवडेच्या आठवडे चालत होते. खेड्यांतून बाया ट्रॅक्टरवर बसून पाहायला यायच्या. मी अंधारात मागच्या रांगेत बसले. आई पुढं, बायांच्या मधोमध. सिनेमा मला बटबटीत वाटला. शहरात कमवायला गेलेला मुलगा, त्याची आई, एक वाईट ठेकेदार, गाणी. मध्यंतरानंतर मुलगा घायाळ होऊन घरी येतो. आई उंबऱ्यावर बसते, त्याचं डोकं मांडीवर घेते, त्याच्या कपाळावरचे केस मागं सारते. तो बोलतो, पुष्कळ बोलतो, थोडं गातोसुद्धा, आणि मरतो. टॉकीजमधल्या सगळ्या बाया मोठ्यानं रडायला लागल्या. आणि माझी आई, जिनं दादाला नेलं त्या दिवशीही तोंडातून आवाज काढला नव्हता, ती तोंड उघडं टाकून रडत होती. शेजारच्या अनोळखी बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता आणि ती स्वतःही रडत होती.

खेळ सुटल्यावर मी तिला बाहेर उन्हात गाठलं. ती दचकली नाही. डोळे पुसत होती.

"हे काय लावलं आई तू?"

"पिक्चर पाहून राहिली."

"खोटं आहे ते सगळं. एवढं कळत नाही तुला? दादा असा गेला का? मांडीवर डोकं ठेवून, गाणं म्हणत?"

"मले काहून सांगतं?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका करडा मी कधी ऐकला नव्हता. "मले मालूम नाही का खोटं आहे म्हणून? खऱ्यात मले कोणी हात लावू देल्ला? काचातून पाहा म्हणे. मंग पांढऱ्या कपड्यात बांधून देल्ला. उघडू नका म्हणे. नऊ महिने पोटात ठेवला तो, अन् मले त्याचं तोंड नाही पाहू देल्लं त्यायनं. त्या बाईनं पोराचं डोस्कं मांडीवर घेतलं. पाह्यलं ना तू? मी आठ खेपा पाह्यलं. आठी खेपा घेतलं तिनं."

मी रिक्षाला हात केला.

"घरी मले रडता येत नाही," ती म्हणाली. "तुमी दोघं पाहून राहता माझ्याकडं. तुझे बाबा तर असे पाहतात का मी रडली तं ते मरून जातीन. इथं कोणी पाहत नाही. सगळ्या आपापलं रडतात."

रिक्षात आम्ही एकमेकींना टेकून बसलो. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. तो तिच्यावरून उठला आणि त्या काचेवर, त्या पांढऱ्या कपड्यावर, 'उघडू नका' म्हणणाऱ्या माणसावर जाऊन बसला. तिथं तो आजही आहे.

आईनं स्वतःच बाबांना सांगितलं. त्याच संध्याकाळी, भाजी निवडता निवडता. बाबा उखडले.

"तमाशा पाहून रडते? माझ्या पोराच्या मरणाचा तमाशा करतात ते लोक, अन् तू तिकीट काढून पाहते?"

"तुमी पेन्सिल घेऊन पुस्तकाशी भांडता," आई म्हणाली. "मी काही बोलली तुमाले? येत्या बुधवारी पिक्चर उतरून राहिला. शेवटचा खेळ आहे. यायचं असन तं या."

बाबा येतील असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. मी त्यांच्या दोघांच्या मध्ये बसले. मरणाचा प्रसंग आला, आईनं पदर तोंडाशी नेला, आणि बाबा उठले. रांगेतल्या बायांचे पाय तुडवत बाहेर निघून गेले. आई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "जाऊ दे त्यायले."

खेळ संपला तेव्हा ते टॉकीजच्या पायऱ्यांवर बसले होते. आई त्यांच्या शेजारी बसली. मी दोन पायऱ्या खाली उभी राहिले.

"किती वेळ बोलला तो पोट्टा," बाबा म्हणाले. "पाच मिनिटं. एवढा मार लागल्यावर."

"बोलू द्या ना," आई म्हणाली. "तुमचं काय जाते?"

बाबा रस्त्याकडे पाहत म्हणाले, "आपला नव्हता बोलला. आईकडं पाहा, असं नव्हता बोलला तो. मी खोटं सांगितलं तुले."

मला वाटलं आता आई कोसळणार. मी पुढं झाले. ती बाबांकडे वळून बघत होती.

"मंग काय बोलला?"

"गाडीचं बोलला. गाडी गेटवर राहिली, लॉक नाही केली म्हणे."

आईच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, मला अजून सांगता येत नाही. "कधीच करत नव्हता तो लॉक," ती म्हणाली. "रोज सांगे मी. बाबू, गाडी लॉक कर. कोणी नेईन. ऐके का तो?" आणि मग ती बाबांवर चिडली. पायऱ्यांवर, लोक ये-जा करत असताना, तिनं बाबांच्या दंडावर मूठ मारली. "एवढं माझ्या पोराचं बोलणं होतं अन् तुमी ते लपवून ठेवलं. दुसऱ्याच कोणाचं आणून देल्लं मले. सहा महिने मी दुसऱ्याच्या पोराचं बोलणं घेऊन बसली."

बाबा म्हणाले, "हो." आणि रडले. तिथं, उन्हात, इस्त्रीच्या सदऱ्यात.

लोक मला सांगतात की पुस्तकं आणि सिनेमे दुःखातून बाहेर काढतात. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांवर तसे लेख येतात. मला ते वाचून चीड येते. आम्हाला कोणी बाहेर काढलं नाही. बाबांना पुस्तकांनी एक खोटं वाक्य हातात दिलं आणि मग त्याच पुस्तकांशी भांडायला जागाही दिली. आईला एका भडक सिनेमानं तिच्यापासून हिसकावलेली गोष्ट आठवड्यातून एकदा दिली, आणि ती खोटी आहे हे तिला पूर्ण ठाऊक होतं. याला औषध म्हणत नाहीत. आम्हाला तेवढीच काय ती धरायला जागा मिळाली, आणि ती नसती तर आम्ही तिघं एका घरात एकमेकांपासून तोंड लपवत म्हातारे झालो असतो.

त्यानंतर बाबा दुपारी आईला वाचून दाखवायला लागले. मरणाचं कधी नाही. प्रवासवर्णनं, शिकारीच्या गोष्टी, एकदा तर मधमाश्या पाळण्याचं एक सरकारी पुस्तक. ते वाईट वाचायचे, स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तसे. आई अर्ध्यातून झोपायची आणि उठली की म्हणायची, "थांबले काहून?"

चौकशीचा कागद वर्षभरानं मिळाला. त्यात लिहिलं होतं की मृताच्या असावधानीमुळे दुर्घटना झाली. चालू भट्टीत मोकळं करा असं कोणी सांगितलं, हे त्यात नव्हतं. बीरगांवच्या त्या कामगारानं साक्ष दिली होती, तीही नव्हती. आम्ही तिघांनी सह्या करून अर्ज दिला की 'असावधानी' हा शब्द काढा. उत्तर आलं की प्रकरण बंद झालं आहे. आम्ही पुन्हा दिला. बाबांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला, आणि या वेळी कोणी रेघ मारायला नव्हतं, म्हणून तो दोन पानी झाला. दादा किती वर्षं कामावर होता, त्यानं किती जणांना मागं थांबवलं, त्यांतल्या प्रत्येकाचं नाव, सळई केवढी होती, सगळं लिहिलं. त्यालाही तेच उत्तर आलं, आणि तिसऱ्या अर्जाला उत्तरच आलं नाही. ज्यानं निरोप पाठवला होता तो अधिकारी बढतीवर दुसरीकडे गेल्याचं कळलं. भट्टी दादा गेला त्याच आठवड्यात पुन्हा चालू झाली होती, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

मी पुष्कळ वाचते. जिथं असा माणूस मरतो आणि त्याला पुढं पाठवणाऱ्याचं काय होतं तेही लिहिलेलं आहे, असं पुस्तक मी शोधत असते. मरणारा कसा गेला, मागच्यांनी कसं सोसलं, हे पुष्कळांनी लिहिलं आहे, काहींनी चांगलंही. पण निरोप पाठवणारा माणूस बहुतेक पुस्तकांत पहिल्या प्रकरणानंतर दिसेनासा होतो. आई या वर्षी पंच्याहत्तरची झाली. ती अजून विचारते, "देल्लं का त्यायनं उत्तर?" मी म्हणते, नाही. ती म्हणते, "मंग लिही अजून."